खोडवा, पाचट आणि पाठीवरची थाप



तोड उरकली की संध्याकाळी बांधाबांधांवर धूर दिसू लागतो. घोड आणि भीमा यांच्यामधल्या शिरूरच्या पट्ट्यात काय, किंवा भीमा ओलांडून दौंड तालुक्यात गेले तर काय, चित्र सारखेच. पाचट जाळू नका हे पत्रकांतून, मेळाव्यांतून, आकाशवाणीवरून इतक्या वेळा सांगून झाले की ऐकणाऱ्याचे कान किटले. तरी काडी पडायची ती पडतेच.

ज्यांनी पाचट ठेवायला सुरुवात केली, त्यांत पत्रक वाचून तयार झालेले सभासद आम्हांला फार थोडे भेटले. बहुतेकांनी शेजारच्या बांधावरचा एखादा खोडवा पाहिला होता. आणि त्या शेजाऱ्याने पहिल्या वर्षी लोकांची टिंगल सोसून पाचट ठेवले, त्याला दुसऱ्या वर्षीही ठेवावेसे वाटले, यामागे कोणाची तरी वेळेवर पडलेली शाबासकी होती. आज या शाबासकीविषयीच लिहावयाचे आहे.

आधी हिशेब पाहू. एकरी साधारण 3 ते 4 टन पाचट निघते. त्यात अर्धा टक्का नत्र धरले तर 15 ते 20 किलो नत्र झाले, म्हणजे 45 किलोच्या युरियाच्या एका पोत्यात असते त्याच्या आसपास. शिवाय पालाश आणि सेंद्रिय कर्ब वेगळा. काडी लावली की नत्र आणि कर्ब धुरावाटे जातात. पाचट सऱ्यांत दाबून, टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजविणारे जिवाणू टाकले की ते जागेवरच कुजते. तण दबते, ओल टिकते, आणि आवर्तन लांबले तरी खोडवा तग धरतो. हे सारे सभासदांना ठाऊक आहे. ठाऊक असूनही होत नाही, म्हणून नुसत्या माहितीने भागत नाही असे आम्ही म्हणतो.

आपल्याकडे दुसऱ्याच्या रानात पाऊल टाकले की आधी खोट काढण्याची रीत आहे. दहा सऱ्यांपैकी नऊ उत्तम असल्या तरी बोट जाते ते दहाव्या सरीतल्या नांग्यांकडे. मग मालक उरलेल्या नऊ सऱ्यांबद्दलही बोलेनासा होतो. पुढच्या खेपेला अॅग्री ओव्हरसियरची मोटारसायकल वाजली की तो विहिरीकडे निघून जातो! खोट सांगायचीच नाही असे नव्हे. नांग्या भरल्याच पाहिजेत. पण आधी नऊ सऱ्या नीट पाहाव्यात, त्या कशामुळे साधल्या ते मालकालाच विचारावे, आणि मग दहाव्या सरीकडे वळावे. तोवर बहुधा तोच सांगतो, “साहेब, तेवढी एक सरी राहिली बघा.”

“छान आहे हो तुमचा ऊस” असे म्हणणे म्हणजे काही कौतुक नव्हे. त्यातून ऐकणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. “बुडखे जमिनीबरोबर छाटलेत म्हणून फुटवा खालून आणि एकसारखा आलाय,” असे म्हटले तर मालकाला पुढच्या वर्षी काय करायचे ते कळते, आणि शेजारी उभा असलेल्यालाही कळते. हरभऱ्याच्या झाडावर चढवणे आणि कौतुक करणे यांत फरक आहे तो हाच. चढवणारा माणसाची स्तुती करतो आणि त्यात त्याचा काही मतलब असतो. कौतुक करणारा कामाकडे बोट दाखवतो. शेतकऱ्याला हा फरक लगेच कळतो. त्याला कोणी फार गोड बोलू लागले तर तो आधी खिसा चाचपतो.

आणि हे वेळेवर व्हावे. खोडव्याचा फुटवा दिसतो तोडीनंतर महिना-दीड महिन्याने. शाबासकी तेव्हाच द्यावी. वार्षिक सभेत शाल-श्रीफळ मिळेपर्यंत तो ऊस गाळून साखरही विकली गेलेली असते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटतर्फे दरवर्षी ऊसभूषण पुरस्कार दिले जातात. ते मानाचे आहेत, पण राज्यभरातून किती जणांना मिळणार? बाकीच्यांच्या वाट्याला बांधावरची थापच यावयाची.

गावाचे मन एकदा कामावर बसले म्हणजे काय होते, ते पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत दिसले. 2016 साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीनच तालुक्यांतील गावे उतरली होती; त्यात कोरेगाव तालुक्यातील वेळू पहिले आले. 2018 पर्यंत स्पर्धा 75 तालुक्यांत पोहोचली. बक्षीस तर मोजक्याच गावांना मिळावयाचे होते. तरी उन्हातान्हात चर खोदणारे हजारो हात रोजाची मजुरी न घेता राबले. आपल्या गावाच्या कामाला मार्क पडतात, कोणी येऊन ते मोजते, याची गोडी त्यात होती.

आता दुसरी बाजू. प्रत्येकाचा हात एकाच कामाला बसत नाही. दौंडच्या गुऱ्हाळांवर हे फार चांगले पाहायला मिळते. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. त्याला कोणी मोळ्या वाहायला लावत नाही, आणि चुलवाणावर जाळ घालणाऱ्याच्या कामात गुळव्याही तोंड घालत नाही. घरच्या शेतात मात्र आपण सगळ्यांनी सगळे करावे असा हट्ट धरतो. मुलगा दारे धरायला कंटाळतो म्हणून त्याला आळशी ठरवतो. तोच मुलगा ठिबकची टाकी, मोटारीचा स्टार्टर, मोबाईलवरचा हवामानाचा अंदाज हे सारे न सांगता सांभाळत असतो. त्याला खताचे वेळापत्रक देऊन पाहावे. घरची बाई रोपवाटिकेत निकस डोळा हातात घेताच बाजूला टाकते. ही पारख पुष्कळ पुरुषांना नाही. शेअर कोणाच्या नावावर आहे ते सोडा, बेण्याचा निर्णय तिला विचारून घेतला तर नांग्या कमी पडतील, एवढे आम्ही खात्रीने सांगतो.

आपल्या सहकारी साखर कारखानदारीचा पाया तरी कसा घातला गेला? लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील जेमतेम चौथीपर्यंत शिकलेले. गावोगाव फिरून शेतकऱ्यांना शेअर घ्यायला लावणे, त्यांचा विश्वास मिळवणे, हे बळ त्यांचे. अर्थशास्त्राचा, कागदपत्रांचा, सरकारदरबारी बाजू मांडण्याचा अधिकार पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळांचा. प्रवरेच्या कारखान्याचे अध्यक्षपद गाडगीळांकडे गेले, विखे पाटील उपाध्यक्ष राहिले, आणि 1950-51 च्या हंगामात कारखाना सुरू झाला. दुसऱ्याचे बळ ओळखून त्याला पुढे करणे यात विखे पाटलांचा मोठेपणा आम्हांला अधिक वाटतो. अध्यक्षपदासाठी आज काय काय चालते ते सभासद जाणतातच. असो.

तोडणी मजुरांबद्दल बोलल्याशिवाय खोडव्याचा विषय पुरा होत नाही. बीड, अहिल्यानगरकडून घरदार सोडून आलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे आपल्या हिशेबात एक ‘कोयता’. उसाच्या बुडाशी साखर अधिक, आणि जमिनीलगत तोड झाली तर खोडवाही जोमदार फुटतो. हे दोन्ही त्या कोयत्याच्या हातात असते. तोड वर ठेवली तर आपण फडात ओरडतो. नीट झाली तर काही बोलत नाही. चांगल्या तोडीबद्दल मुकादमासमोर त्या जोडीचे नाव घेऊन सांगावे. प्यायला पाणी आणि लेकरांना सावली द्यावी.

मात्र कौतुकाने पोट भरत नाही. मजुराची मजुरी, आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत सभासदाचे बिल, हा पहिला मान. तो राहिला तर हाराला किंमत नाही.

स्वतःच्या मनाचे काय? आपली पाठ आपणच थोपटू नये असे जुने लोक म्हणत. ठीक आहे, पण वही तरी ठेवावी. गटवार वजनाच्या पावत्या, खताच्या तारखा, एकरी टनेज त्यात लिहावे, आणि ताळा आपल्याच मागच्या खोडव्याशी घ्यावा. एकरी शंभर टन काढणाऱ्याशी आपले पस्तीस टन ताडले तर हातपाय गळतात. पस्तीसचे अडतीस झाले तर कोणत्या कामाने झाले ते वहीत सापडते, आणि तेच काम पुढच्या साली वाढवता येते. पावसाने किंवा आवर्तनाने दगा दिलेल्या वर्षीही काय जमले तेवढे लिहून ठेवावे.

या हंगामात प्रत्येक गट ऑफिसात खोडव्याची एक नोंदवही ठेवली आहे. तीत आपल्या शेजाऱ्याने केलेले एक चांगले काम लिहावयाचे आहे: कोणाचे रान, काय केले, केव्हा केले. स्वतःचे नाव कोणी लिहू नये. नोंद आल्यापासून आठ दिवसांत आमचा माणूस त्या रानात जाऊन येईल आणि जमल्यास आणखी चार सभासदांना बरोबर नेईल. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी चिटबॉयला तोंडी सांगितले तरी चालेल.