परीक्षक अकराला येणार

पहाटे 5. नळाला पाणी पाच दिवसांआड. कालचं भांडी विसळलेलं पाणी पिपात निवळलं होतं, तेच लोट्यानं एकेका झाडाच्या बुडाशी घातलं. मोगऱ्याच्या आळ्यात मडकं पुरलंय, बुडाला भोक पाडून सुताची वात घातलेलं. एकदा भरलं की दोन दिवस बघायला नको. सगळीकडे पाचट अंथरलंय. एप्रिलच्या उन्हात बाग तगते ती पाचटावर, खतावर नाही.

पावणेसहा. आज शनिवार. शेजारच्या काकू खुलताबादला भद्रा मारुतीला निघालेल्या, रुईच्या माळेबरोबर ओंजळभर मोगरा मागायला दारात. गावच्या बाग-स्पर्धेसाठी मला कळ्या झाडावर हव्या होत्या. आत्याबाई म्हणाल्या, "पाहुण्यापायी देवाला नाही म्हणतीस? उद्या पिवळ्याच पडत्याल की." तोडल्या.

7. तेलाच्या डब्यांना गेरू, कडेला चुन्याची रेघ. टायरला पोपटी रंग देणाऱ्यांशी माझं पटत नाही. धाकट्यानं तरी एक रंगवलाच.

साडेनऊ. ऑफिस टाइमची फुलं उघडली. गुलाबी, केशरी, पिवळी, अख्खा वाफा पेटल्यासारखा. शेजारी गलांडा, त्याला उन्हाचं काहीच वाटत नाही. फाटकापुढे रांगोळी काढली. बाग याहून देखणी आज होणार नव्हती, आणि हे मला तेव्हाच कळलं होतं.

11. कोणी नाही. 12, तरी नाही. फोनवर "निघालोच". झेंडूवर जुनी साडी ताणून बांधली आणि ओट्यावर बसले. आमच्या खुलताबादचं जुनं नाव रौजा, म्हातारी माणसं अजून तेच म्हणतात. त्या अरबी शब्दाचा मूळ अर्थच बाग. बनी बेगमच्या बागेत मधोमध तिची कबर आहे. आणि 1707 मध्ये वारलेल्या औरंगजेबाच्या उघड्या, मातीच्या कबरीवर सजावट कसली, तर सब्ज्याचं रोप. त्याला पाणी घालणाऱ्याला कोणी गुण देत असेल का, असलं काहीबाही डोक्यात येत राहिलं.

3. ऑफिस टाइम मिटली. रांगोळी कोंबड्यांनी विस्कटली.

साडेचार. परीक्षक आले, तिघं. "हा वाफा सुकला का हो ताई?" म्हटलं, "नाही सर, त्याची ड्यूटी संपली." हसले, पण वहीत काहीतरी लिहिलंच. मग मोरीच्या कडेला थांबले. तिथं गुलबक्षी आपसूक माजलीय, मी तिला हातसुद्धा लावला नव्हता. नेमकी तीच तेव्हा उमलायला लागलेली. एकानं बी मागितलं. काळ्या मिऱ्यांसारख्या पाच-सहा बिया कागदात बांधून दिल्या.

रात्री 8. उरलेला मोगरा आत्ता फुललाय, अंगणभर वास. बघायला आम्ही दोघीच.

पुढच्या वर्षी अर्जावरच लिहिणार आहे: सकाळी 10 ला या, नाहीतर संध्याकाळी 5 नंतर. मधे आलात तर चहा मिळेल, फुलं नाही.