धुराचा माग: डॉ. संदीप साळवी यांचे श्वसनरोगांवरील संशोधन

पुण्याचे डॉ. संदीप साळवी हे दमा आणि सीओपीडी या आजारांवर काम करणारे संशोधक आहेत. दम्यात श्वासनलिका अधूनमधून आकसतात आणि उपचारांनी पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत त्या कायमच्या अरुंद होत जातात आणि धाप वाढत जाते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठात पीएच.डी. केल्यावर साळवी पुण्यात परतले. तेथे त्यांनी चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संचालकपद सांभाळले आणि पुढे ‘प्युअर’ फाउंडेशनचे काम हाती घेतले.

त्यांचा पहिला गाजलेला शोधनिबंध 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी 15 निरोगी माणसांना एक तास डिझेलच्या विरळ केलेल्या धुरात आणि दुसऱ्या वेळी स्वच्छ हवेत ठेवण्यात आले. फुंकर मारून घेतलेल्या फुप्फुसाच्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. मात्र सहा तासांनी दुर्बिणीतून श्वासनलिकेचे नमुने घेतले, तेव्हा तेथे दाह निर्माण करणाऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या. रक्तातही बदल झाले होते. माणसाला काही जाणवण्याआधीच धूर आपले काम सुरू करतो, हे यातून दिसले.

2009 मध्ये साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांचा धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवरील लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. तोवर हा आजार बिडी-सिगारेटचा मानला जाई. जगातील सुमारे 100 कोटी लोक तंबाखू ओढतात, पण लाकूड, शेणी आणि पालापाचोळ्याचा धूर सुमारे 300 कोटी लोकांच्या वाट्याला येतो, याकडे या लेखाने लक्ष वेधले. आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या बाईलाही हा आजार होऊ शकतो. म्हणून तिला ‘चुलीपुढे किती वर्षे काढलीत?’ हे विचारणे निदानासाठी गरजेचे ठरते.

पुढचे काम देशभराचे होते. 1 फेब्रुवारी 2011 या एकाच दिवशी 880 शहरे आणि गावांतील डॉक्टरांकडे आलेल्या 2,04,912 रुग्णांची नोंद करण्यात आली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांना श्वसनाची तक्रार होती. 2018 मधील राज्यवार अभ्यासाच्या प्रमुख लेखकांतही साळवी होते. त्यानुसार भारतातील सीओपीडीचे रुग्ण 1990 मधील 2.81 कोटींवरून 2016 मध्ये 5.53 कोटींवर गेले. या आजाराच्या भारापैकी 53.7 टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा, 25.4 टक्के तंबाखूचा आणि 16.5 टक्के कामाच्या ठिकाणच्या धोक्यांचा निघाला.

अशा संशोधनाचा प्रभाव मोजताना सायटेशन, म्हणजे संदर्भोल्लेख, पाहतात. इतर संशोधकांनी आपल्या लेखांत एखाद्या निबंधाचा आधार किती वेळा घेतला, याची ही गणती. 2009 च्या लेखाचे असे उल्लेख हजाराहून अधिक आहेत. होर्हे हर्श यांनी 2005 मध्ये ‘एच-निर्देशांक’ सुचवला. प्रत्येकी किमान 20 उल्लेख असलेले 20 निबंध नावावर असतील, तर हा निर्देशांक किमान 20 असतो. मात्र या मापाला मर्यादा आहेत. आढावा घेणारे लेख प्रयोगांच्या निबंधांपेक्षा सहसा जास्त उद्धृत होतात. शेकडो लेखक असलेल्या निबंधाचे श्रेय प्रत्येकाच्या खाती सारखेच जमा होते. शिवाय, किती घरांतला धूर कमी झाला हे या गणतीत कुठेच येत नाही.

तो हिशेब गावात मांडावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातील लोटे येथे या संशोधनातील तिन्ही धागे एकत्र येतात. मुंबई-गोवा महामार्गावरून डिझेलची अवजड वाहने जातात, औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, आणि कोकणातल्या अनेक घरांत गॅस आल्यावरही आंघोळीचे पाणी न्हाणीतल्या चुलीवरच तापते. अशा ठिकाणी दीर्घकाळ खोकला किंवा धाप असलेल्या रुग्णाला व्यसनाबरोबरच चूल, कारखान्यातील काम आणि रस्त्यालगतचे घर यांविषयीही विचारले पाहिजे. कामगाराला योग्य मास्क आणि हवेशीर जागा मिळणे, न्हाणीला धुराडे असणे आणि धापेची तपासणी वेळेत होणे, हे उपाय याच निष्कर्षांतून निघतात.