तक्रार पोहोचते, पण पुढे?

अ‍ॅपला चिडून एक तारा दिला, खाली चार ओळी खरडल्या, की दोन मतं हमखास कानावर येतात. ‘कुणी वाचत नाही हो,’ हे पहिलं. ‘सगळ्यांनी ओरड केली की कंपनी वठणीवर येते,’ हे दुसरं. दोन्ही अर्धवट आहेत.

कुणी ऐकतच नाही म्हणणाऱ्यांनी विंडोजचं स्टार्ट बटण आठवावं. २०१२ च्या विंडोज ८ मधून मायक्रोसॉफ्टने ते काढलं आणि लोक खवळले. पुढच्या वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं, पण दाबलं की जुन्या स्टार्ट मेन्यूऐवजी विंडोज ८ चीच चौकोनांची स्क्रीन! मेन्यू यायला २०१५ चं विंडोज १० उजाडलं. ऐकलं, पण हप्त्याहप्त्याने. गंमत म्हणजे बटण काढलं तेही वापरकर्त्यांकडे बघूनच. संगणकांवरून गोळा होणाऱ्या वापराच्या नोंदींत स्टार्ट मेन्यूचा वापर घटलेला दिसत होता. लोक नेहमीचे प्रोग्राम टास्कबारवर लावून मोकळे होत होते. आपण काय बोलतो यापेक्षा काय करतो, यावर कंपन्यांचा भरवसा जास्त. मात्र नोंदींत वापर किती वेळा झाला ते दिसतं, वापरणाऱ्याचं किती अडतं ते दिसत नाही.

दुसऱ्या मतामागे समज आहे तो संख्येचा: जितके जास्त लोक तक्रारीला दुजोरा देतील, तितकी ती मोठी. याचा पुरता निकाल ऑक्टोबर २०१८ मध्ये लागला. विंडोज १० चं नवं अपडेट आलं आणि काहींच्या फायलीच गायब झाल्या. झालं होतं असं: अनेक जण जागा वाचवायला ‘डॉक्युमेंट्स’सारखं फोल्डर सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर हलवतात. आधीच्या अपडेटनंतर अशा संगणकांवर त्याच नावाचं एक रिकामं फोल्डर उगाच दिसू लागलं. लोकांनी तक्रार केली. कंपनीने ऐकलं आणि ही जादा फोल्डरं पुसण्याची सोय नव्या अपडेटमध्ये घातली. पण काहींच्या जुन्या जागी फायली शिल्लक होत्या. फोल्डरबरोबर त्याही गेल्या. म्हणजे हे संकट तक्रार ऐकण्यातूनच आलं!

त्याहून वाईट म्हणजे, अपडेट सगळ्यांना देण्याआधीच चाचणी घेणाऱ्या काहींनी फायली गेल्याचं कळवलं होतं. पण दुजोरा देणारे मोजके, त्यामुळे ती नोंद ढिगाखाली राहिली. कंपनीने काही दिवसांत अपडेट थांबवलं, दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिलं. शिवाय तक्रार नोंदवताना ‘नुकसान किती गंभीर’ हे सांगायची जागा ठेवली. ती आधीच हवी होती, हे माझं मत.

ओरडीने निर्णय फिरतोच असंही नाही. २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणलं, तेव्हा आपलं सगळं इतरांपुढे येईल या भीतीने विरोधाचे गट भराभर वाढले, आणि तेही त्याच फीडमधून एकमेकांना दिसत! फेसबुकचा संस्थापक झुकरबर्ग याने चूक कबूल केली, कोणाला काय दिसावं याची नियंत्रणं दिली. फीड मात्र राहिलं. लोकांनी मागितलं होतं ते बंद करणं. मिळालं ते भीतीवरचं औषध.

आता ताऱ्यांबद्दल. जुने तारे अ‍ॅपला जन्मभर चिकटतात, हे प्ले स्टोअरबाबत खरं नाही. २०१९ पासून तिथल्या सरासरीत ताज्या ताऱ्यांचं वजन जास्त धरलं जातं, आणि दिलेले तारे आपल्याला नंतर बदलताही येतात. अ‍ॅप बनवणाऱ्याला खाली उत्तर देता येतं. अर्थात ‘आम्ही दिलगीर आहोत’ हे छापील उत्तर आलं म्हणजे दोष सापडला असं नव्हे.

तक्रारीत नुसतं ‘अ‍ॅप बंडल आहे’ लिहिलं, तर प्रोग्रामर काहीच करू शकत नाही. दोष दुरुस्त करायचा तर आधी तो स्वतःच्या टेबलावर घडवून पाहावा लागतो. ‘अमुक फोन, अमुक व्हर्जन, बिल भरताना ओटीपी टाकला की स्क्रीन पांढरी होते, तीनदा झालं’ एवढं लिहिलं तर त्याला निदान सुरुवात कुठून करायची ते कळतं. आणि पैसे किंवा फायली गेल्या असतील, तर ते पहिल्याच ओळीत लिहा.