जमिनीखालील पाण्याचा दाब व तो मोजण्याची साधने

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या काळ्या जमिनीत असा अनुभव वारंवार येतो की, उसाचे पीक पिवळे पडू लागते, पानांची टोके करपतात व वाढ खुंटते. पीक तहानले आहे असे समजून शेतकरी पाण्याच्या पाळ्या वाढवितो आणि पीक अधिकच बिघडते. वस्तुतः रोगाचे मूळ जमिनीखाली असते. भूजलाची पातळी पृष्ठभागापासून दीड-दोन मीटरच्या आत आली म्हणजे केशाकर्षणाने पाणी वर चढते. उन्हाने त्याची वाफ होते व क्षार मात्र मागे राहतात. अशा रीतीने बिघडलेली जमीन पुन्हा सुधारण्यास पुष्कळ वेळ व पैसा खर्ची पडतो. म्हणून पांढरे क्षार डोळ्यांना दिसण्यापूर्वीच खालच्या पाण्याची चाल ओळखली पाहिजे.

विहिरीचे मोजमाप

सर्वांत सोपे साधन म्हणजे विहीर. कठड्यावर एका ठिकाणी तांबडी खूण करावी व दर वेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. पोलादी फितीच्या टोकास वजन बांधून शेवटच्या भागास खडू लावला, म्हणजे ओल कोठपर्यंत आली ते स्पष्ट दिसते. मोजमाप सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी करावे. उपसा नुकताच थांबला असल्यास विहीर पूर्ववत भरेपर्यंत थांबावे. अन्यथा आकडा फसवा ठरतो.

दाबमापी नलिका

विहिरीत निरनिराळ्या थरांतील पाणी एकत्र येते. त्यामुळे कोणत्या थरात किती दाब आहे हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी दाबमापी नलिका, म्हणजे पिझोमीटर, वापरतात. गिरमिटाने भोक पाडून त्यात अरुंद नळी उभी करतात. नळीच्या फक्त खालच्या टोकास छिद्रे असतात. छिद्रांभोवती जाडी वाळू भरून तिच्यावर चिकणमातीचा घट्ट थर ठासतात, म्हणजे वरचे पाणी नळीच्या बाजूने खाली उतरत नाही. अशा नळीत पाणी जेथवर चढते, तेवढा त्या टोकाशी दाब असतो. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम भरतो.

एकाच जागी दोन नळ्या बसविल्यास त्यांचा खरा उपयोग दिसतो. समजा, एक नळी २ मीटर व दुसरी ५ मीटर खोल आहे. पहिलीत पाणी जमिनीपासून १.४० मीटरवर व दुसरीत १.१० मीटरवर उभे आहे. खोल नळीच्या टोकाशी दाब अधिक असणारच, कारण तिच्यात पाण्याचा स्तंभ मोठा असतो. म्हणून दाबांची नव्हे, तर पाण्याच्या पातळ्यांची तुलना करावी. येथे खोल नळीतील पातळी ३० सेंटिमीटरने वर आहे. अर्थात पाणी खालून वर येत आहे. कालव्याचा किंवा वरच्या अंगाच्या शेतांचा पाझर शेतात शिरत असण्याचा हा संभव आहे. केवळ पाळ्या कमी करून असे शेत सुधारणार नाही. पाझर अडविणारा चर किंवा जमिनीखालील निचरा यांची गरज भासेल. याउलट खोल नळीतील पातळी खाली असेल, तर पाणी खाली मुरत आहे असे समजावे. तेव्हा आपलेच जादा पाणी कमी करणे हा पहिला उपाय होय.

काळ्या जमिनीतून पाणी सावकाश झिरपते. म्हणून नळी बसविल्यावर पातळी स्थिर होईपर्यंत काही दिवस जाऊ द्यावेत. नळीत थोडे पाणी ओतून पाहावे. ते हळूहळू मूळ पातळीस न आल्यास छिद्रे बुजली आहेत असे समजावे. तोंडास टोपण अवश्य लावावे.

मुळांच्या थरातील ताण

भूजलपातळीच्या वरच्या मातीत पाण्याला ओढ असते. ती टेन्शियोमीटरने मोजतात. पाण्याने भरलेल्या नळीच्या टोकास सच्छिद्र भाजलेल्या मातीची वाटी व वर निर्वातमापक असतो. माती सुकत जाईल तसा काटा चढतो. माती पाण्याने तुडुंब भरली म्हणजे तो शून्याजवळ येतो. सुमारे ८० सेंटिबारपलीकडे नळीत हवा शिरते व मापन थांबते. काळी जमीन भेगाळल्यास वाटीचा मातीशी संबंध तुटतो, हेही ध्यानात ठेवावे.

नोंदवही

एका आकड्यावरून निर्णय घेऊ नये. दर पंधरवड्यास, तसेच मोठ्या पावसानंतर, तारीख, पातळी व दिलेल्या पाळ्या वहीत लिहाव्यात. गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेजारच्या पाच-सहा शेतांच्या नोंदी एकत्र मांडल्यास पाणी कोठून येते व कोठे जाते हे सर्वांच्या ध्यानात येईल. कारण निचऱ्याचा चर एकट्याच्या बांधावर थांबत नाही.