तुर्कस्थानांतील तीन मुक्काम

चार दिवसांत चार शहरें उरकण्याचा प्रवास हल्लीं फार बोकाळला आहे. तशा धांवपळींत इमारती डोळ्यांखालून जातात, पण लोकांचें जिणें दिसत नाहीं. म्हणून सुटीसाठीं तुर्कस्थानांत गेलों तेव्हां आम्ही तीनच मुक्काम ठरविले : इस्तंबूल, बुर्सा आणि आयवालिक.

इस्तंबूल पाहावें तें बोटींतून. सुमारें ३० किलोमीटर लांबीची बॉस्फरसची सामुद्रधुनी या शहराच्या मधून वाहते. एका तीरावर युरोप, दुसऱ्यावर आशिया. सकाळीं कामावर निघालेले लोक चहाचा इवलासा कांचेचा पेला हातांत धरून, समुद्रपक्ष्यांना पावाचे तुकडे टाकीत, एका खंडांतून दुसऱ्या खंडांत सहज जातात! आयासोफिया ही वास्तु सम्राट जस्टिनियननें सन ५३७ मध्यें चर्च म्हणून पुरी केली. १४५३ सालीं ती मशीद झाली, १९३५ सालीं संग्रहालय म्हणून उघडली व २०२० सालीं पुन्हां मशीद झाली.

मार्मारा समुद्र ओलांडून आम्ही बुर्सास गेलों. १३२६ सालीं उस्मानी तुर्कांनीं हें शहर घेऊन आपली राजधानी केलें. रेशमाच्या कोशांच्या व्यापारासाठीं १४९१ सालीं बांधलेली कोझा हान येथें अजून उभी आहे. तिच्या चौकांत झाडांखालीं चहा घेत तासन् तास बसावें. येथेंच एका घरीं पाहुणे म्हणून जाण्याचा योग आला. पादत्राणें दाराशींच काढावयाचीं. आंत जातांच यजमानांनीं तळहातांवर लिंबाच्या वासाचें सुगंधी पाणी ओतलें, तेव्हां आम्हांस आपल्याकडील अत्तरगुलाब आठवला. सणावारीं धाकटीं माणसें वडिलांच्या हाताचें चुंबन घेऊन तो हात कपाळीं लावतात. जेवणांत मसुरीचें सूप, ऑलिव्हच्या तेलांत शिजविलेल्या शेंगा आणि ताक! शाकाहारी माणसाचें येथें अडत नाहीं. सूप मांसाच्या रश्श्यांत केलेलें नाहीं ना, एवढें मात्र विचारून घ्यावें.

आयवालिक हा एजियन समुद्रकांठचा ऑलिव्हच्या बागांचा गांव. येथील जुनीं दगडी घरें ग्रीकांनीं बांधलेलीं. १९२२ सालीं युद्धाच्या अखेरीस त्यांना तीं सोडावीं लागलीं. १९२३ सालीं ठरलेल्या अदलाबदलीनुसार क्रीट व लेस्बॉस बेटांवरील मुसलमान कुटुंबें येथें वसविण्यांत आलीं. त्यांनींहि आपलीं घरें मागें टाकलीं होतीं. समोरच लेस्बॉस दिसतें. आपल्या देशाची फाळणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हें दृश्य निराळें समजावून सांगावयास नको.

परततांना इस्तंबूलच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारांत आम्ही रेंगाळलों. दुकान, शहर, मैदान, साबण हे आपल्या ओळखीचे शब्द तुर्की भाषेंतहि आहेत. पण १९२८ सालीं कायद्यानें अरबी लिपि जाऊन रोमन आली. नव्या लिपीनें साक्षरतेचा मार्ग सुकर केला हें खरें. परंतु आजोबांचें पत्र नातवास वाचतां येईनासें झालें, हेंहि तितकेंच खरें. वाचकहो, आपल्या माळ्यावरील मोडी दप्तरांची स्थिति याहून फारशी निराळी आहे काय? ज्या घरांत मोडी वाचणारें एखादें वडील माणूस अजून आहे, त्या घरानें येत्या सुटींत तरी त्यांच्यापुढें तें दप्तर सोडावें.