दानात आलेली व्हॅन : दुरुस्त करावी की नाही ?



लातूरच्या एका हितचिंतकांनी आपल्या संस्थेला जुनी मारुती ओम्नी व्हॅन विनामूल्य देऊ केली, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ‘इंजिनाचं थोडं काम आहे, बाकी गाडी चांगली आहे’, असे ते म्हणाले होते. नांदेडच्या बैठकीत आनंदाची लाट उसळली. रुग्णांना विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात नेता येईल, परीक्षेच्या दिवशी मुलांना केंद्रावर सोडता येईल, असे बेत त्याच बैठकीत ठरले. पुढे काय झाले आणि आम्ही निर्णय कसा घेतला, हे येथे सविस्तर मांडत आहोत. उद्या असाच प्रसंग इतर शाखांवरही येऊ शकतो.

प्रथम गरज तपासावी

गाडी मिळते म्हणून गरज शोधणे हा उलटा मार्ग आहे. मागील वर्षी संस्थेने किती वेळा भाड्याची जीप केली, हे आम्ही वहीतून काढले. फेऱ्या तीसच्या आसपास निघाल्या. त्यात तातडीचे रुग्ण जवळजवळ नव्हतेच, कारण २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते. प्राणवायू व डॉक्टर असलेल्या त्या गाडीची जागा आपली व्हॅन घेऊ शकत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. आपली गरज होती ती लोहा, कंधार, अहमदपूर या भागांतील रुग्णांना फेरतपासणीसाठी नेण्या-आणण्याची.

इंजिनाचा दोष कसा ओळखावा

ओम्नीचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे असते आणि ते पुढच्या आसनांच्या खाली बसवलेले असते. ही गाडी १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ या नावाने आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. गाड्या भरपूर खपल्यामुळे तिचे काम जाणणारा मेकॅनिक गावोगावी सापडतो, ही जमेची बाजू.

‘इंजिनाचं काम’ या एका शब्दात पाचशे रुपयांचा प्लगही येतो आणि पूर्ण इंजिन खोलणेही येते. म्हणून गाडी गॅरेजला सोडून देण्यापूर्वी काही गोष्टी आपणच पाहाव्यात. इंजिन थंड असताना गाडी सुरू करावी. गरम इंजिन अनेक दोष लपवते. मग धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले असावेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त व हवा कमी; हा दोष बहुधा स्वस्तात निघतो. सकाळी सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येणे स्वाभाविक आहे, परंतु इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत गेले, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. ऑइलच्या झाकणाखाली दुधी चिकटा दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे असे समजावे. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नये.

यानंतर कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजतात. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे असावेत. एखादा कमी आला तर त्यात थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत; वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब कमी असेल, तर त्या दोघांमधील गॅस्केट फुटले असण्याची शक्यता फार.

आमच्या व्हॅनमध्ये हेच निघाले. उन्हाळ्यात पाणी कमी असताना गाडी तशीच पळवली गेली होती. मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी पाण्याविना इंजिन तापले की ॲल्युमिनियमचे हेड वाकते. मग नुसते गॅस्केट बदलून भागत नाही, हेड लेथवर घासून सपाट करावे लागते.

हिशेब

समजावे म्हणून आकडे गोल करून सांगतो. इंजिन, पाण्याचा पंप व रेडिएटर मिळून २४,००० रुपये. गाडी दीड वर्ष उभी असल्याने टायर, बॅटरी व ब्रेक यांचे १८,०००. नावावर करणे व किरकोळ कामे ६,०००. म्हणजे फुकटची गाडी रस्त्यावर यायला ४८,००० रुपये हवेत.

भाड्याच्या जीपऐवजी स्वतःची गाडी वापरल्यास, पेट्रोल व चालकाचा भत्ता वजा जाता, फेरीमागे ९०० रुपये वाचतात असे धरले. तीस फेऱ्यांचे २७,००० झाले. त्यातून विमा व देखभालीचे वार्षिक १५,००० गेले, राहिले १२,०००. म्हणजे दुरुस्तीचा खर्च भरून यायला चार वर्षे लागतील. फेऱ्या साठ असत्या तर ३९,००० उरले असते आणि सव्वा वर्षात पैसे वसूल झाले असते. तेव्हा उत्तर गाडीत नसून आपल्या वापरात असते.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. नंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवता येते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. आमच्या व्हॅनची पंधरा वर्षे पूर्ण व्हायला दोन वर्षेही उरली नव्हती, आणि हिशेब तर चार वर्षांचा होता.

गाडी लातूरची, म्हणजे एमएच-२४. ती नांदेडला नावावर करून घेणे आवश्यक होते. एकाच राज्यात हस्तांतर असेल तर देणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवायचे असते. ही औपचारिकता समजू नये. कागदोपत्री ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाऊन अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. नाव न बदलता गाडी वापरणे म्हणजे दान देणाऱ्यालाच संकटात टाकणे होय. शिवाय रुग्णांकडून भाडे घेऊ लागलो, तर ती प्रवासी गाडी ठरते व तिला वेगळा परवाना लागतो.

निर्णय

काही ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे होते की आलेले दान परत करणे बरे नव्हे. त्यांची भावना आम्हाला समजते. परंतु संस्थेच्या पेटीतला रुपयाही दानच आहे. मजुरी करून वर्गणी देणाऱ्या बाईच्या दानाचा मान राखायचा, तर ते ४८,००० आम्हाला त्या इंजिनात घालता येत नव्हते.

आम्ही दोघे-तिघे लातूरला गेलो, हिशेबाचा कागद त्या गृहस्थांसमोर ठेवला आणि आभार मानून गाडी नाकारली. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. पुढे त्यांनी व्हॅन आहे त्या स्थितीत एका गॅरेजवाल्याला विकली, त्याच्या नावावर करून दिली आणि आलेली रक्कम संस्थेकडे पाठवली. ती आपण ‘रुग्ण प्रवास निधी’ म्हणून वेगळी ठेवली असून तिच्यातून जीपचे भाडे दिले जाते.

शाखांना विनंती एवढीच : अशी गाडी आली तर होकार देण्यापूर्वी फेऱ्यांची वही, कॉम्प्रेशनचे आकडे आणि नोंदणीची तारीख या तीन गोष्टी बैठकीपुढे ठेवाव्यात. फेऱ्या पुरेशा असतील आणि नोंदणीची वर्षे शिल्लक असतील, तर गाडी अवश्य घ्यावी.