टोनी ब्रुक्स : दोन मिनिटांचा थांबा

ऑक्टोबर १९५५ मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूजला निघालेला टोनी ब्रुक्स विमानात दंतवैद्यकाची पुस्तकं वाचत होता. वय २३, शिक्षण मँचेस्टरला, अंतिम परीक्षा तोंडावर. फॉर्म्युला वनची गाडी त्यानं तोवर कधी चालवलीही नव्हती. कॉनॉट या इंग्लंडमधल्या छोट्या, पैशांची कायम चणचण असलेल्या कंपनीनं त्याला बोलावलं होतं. गाड्या रस्त्यानं येत होत्या, त्यांना उशीर झाला. तोवर ब्रुक्सनं भाड्याच्या व्हेस्पावरून फेऱ्या मारून वळणं पाठ केली. शर्यतीत त्यानं मासेरातीच्या लुइजी मुस्सोला मोठ्या फरकानं हरवलं. १९२४ साली हेन्री सीग्रेव्हनं सनबीम गाडीतून सॅन सेबास्टियनची शर्यत जिंकली होती. त्यानंतर ब्रिटिश चालकानं ब्रिटिश गाडीतून ग्रां प्री जिंकायला ३१ वर्षं जावी लागली.

सिराक्यूजची ही शर्यत जागतिक अजिंक्यपदासाठी धरली जात नव्हती, पण ब्रिटिश संघांची नजर ब्रुक्सवर खिळली.

पुढच्या वर्षी सिल्व्हरस्टोनला त्याच्या बीआरएम गाडीचा अॅक्सिलरेटर अडकला, गाडी उलटली आणि ब्रुक्स बाहेर फेकला गेला. जबडा मोडला, गाडी मात्र जळून खाक झाली. जून १९५७ मध्ये ल मॉंला अॅस्टन मार्टिनचा गिअर चौथ्यातच अडकून बसला. तो सोडवण्याच्या नादात वळण चुकलं आणि गाडी अंगावर उलटली. दोन्ही वेळा गाडीत दोष आहे हे ठाऊक असूनही तो पळवत राहिला होता. तेव्हा त्यानं ठरवलं, सदोष गाडीतून पुन्हा शर्यत करायची नाही. तो श्रद्धाळू कॅथलिक होता. देवानं दिलेला जीव उगाच पणाला लावणं त्याला पाप वाटत होतं.

ल मॉंच्या जखमा भरल्याही नव्हत्या, तरी २० जुलै १९५७ रोजी तो एन्ट्रीच्या शर्यतीत व्हॅनवॉल या ब्रिटिश संघाच्या गाडीत बसला. सहकारी स्टर्लिंग मॉसची गाडी बिघडली तर आपली द्यायची, असं आधीच ठरलं होतं. तसंच झालं. मॉस नवव्या क्रमांकावरून पुढे सरकत गेला आणि जिंकला. ब्रिटिश गाडीनं जागतिक अजिंक्यपदाची शर्यत प्रथमच जिंकली, तीही दोघांच्या नावावर.

१९५८ मध्ये ब्रुक्सनं स्पा, न्युर्बुर्गरिंग आणि मोन्झा जिंकल्या. तिन्ही अतिवेगाच्या किंवा अतिशय अवघड वाटा. तिथं धाडसाइतकीच नजर आणि हात लागतो, आणि ब्रुक्सचा हात फार हळुवार होता. बांधणी करणाऱ्या कंपन्यांचं पहिलंच अजिंक्यपद व्हॅनवॉलला मिळालं. पण त्या वर्षाचं गणित मांडताना जीव कासावीस होतो. न्युर्बुर्गरिंगला ब्रुक्सचा पाठलाग करताना प्रतिस्पर्धी चालक पीटर कॉलिन्स अपघातात गेला. मोरोक्कोच्या शर्यतीत भाजलेला स्टुअर्ट लुईस-इव्हान्स, व्हॅनवॉलचाच तिसरा चालक, काही दिवसांनी वारला.

१९५९ ला ब्रुक्स फेरारीत आला आणि राँस व बर्लिनची आवुस जिंकून अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर पोचला. १२ डिसेंबरला फ्लोरिडात सेब्रिंगला शेवटची शर्यत. जॅक ब्रॅबहॅम, मॉस आणि ब्रुक्स, तिघांनाही संधी होती. पहिल्याच फेरीत फेरारीच्याच व्होल्फगांग फॉन ट्रिप्सची गाडी ब्रुक्सला मागून आदळली. ब्रुक्स पिटमध्ये शिरला. मेकॅनिकांनी गाडी तपासली, काही मोठं निघालं नाही, दोन मिनिटं गेली. मॉसचा गिअरबॉक्स लवकरच मोडला. शेवटच्या फेरीत ब्रॅबहॅमचं पेट्रोल संपलं. गाडी ढकलत त्यानं चौथा क्रमांक गाठला. ब्रुक्स तिसरा आला. ब्रॅबहॅम ३१ गुण, ब्रुक्स २७.

अजिंक्यपद त्यानं त्या थांब्यात गमावलं, असं अनेकांनी लिहिलं. हिशेबानं ते खरं असेलही. मला मात्र ब्रुक्सच्या कारकिर्दीतली सर्वांत अवघड चाल तीच वाटते. समोर जगज्जेतेपद, पणाला पैसा नव्हे तर जीव, आणि दोन वर्षांपूर्वी स्वतःशी केलेला करार. तो मोडायला याहून मोठं आमिष कुठलं? पहिल्या फेरीत, धडक बसल्याच्या क्षणी, गाडी शाबूत आहे हे कोणाला माहीत होतं?

१९६१ अखेर वॉटकिन्स ग्लेनला बीआरएममधून तिसरा येऊन त्यानं वयाच्या २९ व्या वर्षी शर्यती सोडल्या. ३८ शर्यती, ६ विजय. पुढे वेब्रिजला गाड्यांचा व्यवसाय केला, इटालियन पत्नी पिनासोबत संसार केला. ३ मे २०२२ रोजी तो वारला, तेव्हा १९५० च्या दशकातला एकही ग्रां प्री विजेता हयात उरला नाही.